दगड मोजले, पाणी राहिलं

चंद्रपूर-गडचिरोलीत नोकरी केली म्हटलं, की बाहेरचा माणूस पहिला प्रश्न वाघाचा विचारतो. किती पाहिले? मी खरं सांगतो, तीन, आणि त्यातला एक झोपलेला होता. मग समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला कसं सांगावं, की बाबा रे, मी पोटासाठी वाघाहून अवघड जनावर सांभाळलं. शेताचा बांध! वाघ निदान माणसाला पाहून वाट सोडतो. बांध कोणी कोणासाठी सोडत नाही.

मी भूकरमापक होतो. हा शब्द फक्त पगारपत्रकावर. गावात आम्हाला 'मोजणीसाहेब' म्हणत, आणि मोजणीसाहेब आले म्हटलं की दोन सख्खे शेजारी एकमेकांशी बोलणं बंद करत. काम तसं सोपं. ज्याला जमीन मोजून हवी तो अर्ज करतो. आम्ही चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना नोटीस काढतो. ठरल्या दिवशी तिपाईवर फळी मांडायची, फळीवर कागद लावायचा आणि साखळीनं मापं घेत त्या जमिनीचा आकार कागदावर उतरवायचा. विहीर, झाड, देऊळ, जे जे हलत नाही ते सगळं दाखवायचं. या नकाशाला आमच्यात 'क' प्रत म्हणतात. 'अ' आणि 'ब' कुठं गेल्या ते विचारू नका, मीही कधी विचारलं नाही.

मोजणीच्या दिवशीचा माझा एक नियम होता. पाणी दोन्ही घरचं प्यायचं, चहा कोणाचाच घ्यायचा नाही. चहा घेतला की शेजारी गावभर सांगतो, साहेब फुटला. हा नियम मी पस्तीस वर्षं पाळला आणि त्याचा मला गर्व होता. पुढं तोच नियम माझ्या अंगावर आला, ते सांगायलाच बसलो आहे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. जिवतीच्या डोंगरात एक म्हातारा भेटला. म्हणे, "साहेब, साखळी ठेवा बाजूला. माहा बैल जिथी आपोआप वळते, तिथीच माही हद्द." शेजारीही म्हणाला, चालते. बैल आणला, औताला जुंपला, बैल वळला. मी फळीवर ताडून पाहिलं तर बैल चार पावलं चुकला होता, पण मालकाच्या नुकसानीत! इतकी वर्षं तो बैल शेजाऱ्याला जमीन देत होता. म्हाताऱ्यानं बैलाला जी शिवी हासडली ती दिवाळी अंकात बसणार नाही. शेवटी म्हणाला, "खाते आमचं न गाते दुसऱ्याचं." मोहर्लीला, वाघाच्या जंगलाच्या दारातच, एकानं पाहुण्यांसाठी खोल्या काढायला जागा घेतली होती. तो हळूच माझ्या कानाशी आला, "साहेब, नकाशात एक वाघ काढून द्या न. गिऱ्हाईक पाहते." मी म्हटलं, जे हलत नाही तेच दाखवता येतं. तर म्हणतो, "बसलेला काढा मंग."

तर असे लोक. पण लक्षात राहिलेली मोजणी एकच, आणि ती आठवली की अजून कान गरम होतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं बस्तान तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात होतं आणि वडसा माझ्याकडे होतं. वडशाची ओळख म्हणजे नाटक. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. गावागावात मांडव पडतो, आणि या सगळ्या नाटकांचा सरंजाम वडशाहून निघतो. कोणी मंडळी चालवतो, कोणी बाजा वाजवतो, कोणी लाईट देतो. डोमाजी पेंटर पडदे देत.

डोमाजी म्हणजे हडकुळा, बोटांच्या नखांत कायम निळा रंग, बोलायला महाकंजूष. त्यांच्या वाट्याचं त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी बोलायचं. ती पोशाख शिवायची, तो पडदे रंगवायचा, आणि दोघं मिळून ते हंगामभर भाड्यानं द्यायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी, तुरुंग, नदी. प्रत्येकाचे दोन-तीन संच, बांबूवर गुंडाळून ठेवलेले. हे रंग भुकटीचे, सरसात कालवलेले. उन्हात राहतात, धुळीत राहतात, पण पाणी लागलं की संपलं. राजवाड्याचा गाळ व्हायला एक तास पुरतो.

आणि ठेवायला जागा नव्हती. ज्या भाड्याच्या घरात पडदे होते, त्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. दसऱ्याच्या आत घर रिकामं करा म्हणून त्यानं सांगितलं होतं. डोमाजीचं सगळं आयुष्य त्या बांबूंना गुंडाळलेलं होतं, आणि त्याला हवी होती एकच गोष्ट, स्वतःची कोरडी जागा.

ती सापडली वडशाच्या कडेला. रस्त्याला लागून लांबट प्लॉट, दुकान-गोदामासाठी बिगरशेती झालेला. समोर रस्ता, मागं उतरत उतरत नाल्यापर्यंत. हा नाला पुढं वैनगंगेला मिळतो. मालक लटारूभाऊ, ढिवर समाजाचे, नदीवर जाळं टाकणारे. प्लॉटला लागूनच त्यांचं घर होतं. या जागेत ते जाळी वाळवत. मुलगी दिली होती, मुलगा नव्हता, एवढ्या जागेचं करायचं काय म्हणून विकायला काढली होती.

आज असा प्लॉट घ्यायचा तर लोक पूररेषेचा नकाशा मागतात. निळी रेषा म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा येतं तिथवर, तिच्या आत बांधायचं नाही. लाल रेषा म्हणजे क्वचित, मोठ्या पुराला येतं तिथवर, तिथं सांभाळून बांधायचं. तेव्हा त्या जागेला माझ्या कागदांवर निळीही नव्हती आणि लालही नव्हती. होतो फक्त मी, आणि माझे तीन प्रश्न.

हे तीन प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाहीत. मीच काढलेले. मोजणी झाली की साखळी गुंडाळता गुंडाळता विचारायचे. वाट कुठून? वाद कोणाशी? पूर येतो का? अर्धे कज्जे या तीन प्रश्नांत बाहेर पडतात. नव्या पोरांना मी ते मोठ्या तोऱ्यात शिकवायचो.

मोजणी झाली वैशाखात. नाला खडखडीत, तळाला बकऱ्या चरत होत्या. प्लॉटच्या मागच्या भागात एकामागे एक असे तीन दगड रोवलेले दिसले, वीसेक पावलांच्या अंतरानं, रस्त्याकडून नाल्याकडे उतरत जाणारे. प्रत्येकाला जुनं, काळं पडलेलं कुंकू.

"हे काय?" मी विचारलं.

"ते बायकायचे हाय जी," लटारूभाऊ म्हणाले. "वरचा माह्या आजीचा. मधातला मायचा. खालचा माह्या बायकोचा."

मी मान डोलावली. घराण्याची देवी असेल, पिढीमागं एक दगड. मी तिन्ही दगडांपर्यंत साखळी धरली, इंचापर्यंत माप घेतलं आणि कागदावर तीन ठिपके देऊन शेजारी सुबक अक्षरात लिहिलं, 'देवाचे दगड'. लटारूभाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते. वाचता येत नव्हतं, पण ठिपके ओळखले. एकदम खूश झाले. "तुमी बराबर मोजून राह्यले, साहेब," म्हणाले.

मग साखळी गुंडाळता गुंडाळता मी माझा तिसरा प्रश्न विचारला. "लटारूभाऊ, इथी पूर येते काय?"

"नाई जी. पूर नाई येत. माह्या बापाच्या वेळंपासून या जाग्यावर पूर नाई आला."

"पक्कं?"

"आईची आन."

अनसूयाबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती. ती म्हणाली, "अहो साहेब, नाला एवढा जवळ हाय न. मले त भेव वाटते."

मी हसलो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हटलं, "बाई, नदीवरचा माणूस आन घेऊन सांगतो आहे. घ्या बिनधास्त." आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण न मागता सल्ला देण्याची खोड. "शेड मागच्या बाजूला टाका. रस्त्याकडची जागा मोकळी ठेवा, पुढं दुकान काढता येईल."

डोमाजी एकच वाक्य बोलले. "साहेब म्हणते त तसंच करू."

इसाराचे आगाऊ पैसे देऊन झाले. नकाशा निघायला आमच्याकडे वेळ लागायचाच, त्यामुळे खरेदीखत मागं राहिलं. पण लटारूभाऊ म्हणाले, कागद होत राहील, जागा तुमचीच हाय, टाका तुमचं सामान. डोमाजींनी मागच्या बाजूला, मधल्या आणि खालच्या दगडाच्या बरोबर मध्ये टिनाचं शेड उभं केलं. दगडांना धक्का लावला नाही. पडदे, पोशाख, मुकुट, तलवारी सगळं तिथं हलवलं. दसऱ्याच्या पुष्कळ आधी. घरमालकाला चावी परत करताना अनसूयाबाईंनी म्हणे त्याला साखर दिली.

श्रावणात मी एका दुसऱ्या मोजणीसाठी वडशाला मुक्कामी होतो. दोन दिवस पावसानं झोडपलं होतं, तिसऱ्या दिवशी उघडलं. छान ऊन पडलं. चहाच्या टपरीवर ऐकलं की वैनगंगा भरून चालली आहे. मला एकदम शेडची आठवण झाली, पण काळजी वाटली नाही. पूर येतच नाही तिथं! तरी पाय मोकळे करावेत म्हणून गेलो.

रस्त्यावरून पाहिलं आणि जागीच थिजलो. प्लॉटचा मागचा अर्धा भाग पाण्यात. टिनाचं शेड कमरेएवढ्या पाण्यात उभं. आणि आवाज नाही! पूर म्हटला की घोंघाट असतो, फेस असतो, झाडं वाहत येतात. इथं काहीच नव्हतं. गढूळ, शांत पाणी आणि वर चकचकीत ऊन. नाल्याकडं नजर गेली तर एक चप्पल वाहत होती, आणि ती नदीकडं जात नव्हती. नदीकडून वर, गावाकडं येत होती. मी डोळे चोळले. पानं, काड्या, चप्पल, सगळं चढाला लागलं होतं.

पाण्याच्या कडेला, मधल्या दगडाजवळ, लटारूभाऊंची बायको सगुणाबाई उभी होती. ताटात हळदकुंकू, तांदूळ, खणाचा तुकडा. ती पाण्याची ओटी भरत होती. "आली तशी जाय माय," म्हणत होती. आणि लटारूभाऊ आपली लाकडी होडी, डोंगा, बांधून पाण्यातून वर येत होते, छातीपर्यंत भिजलेले.

माझं डोकं फिरलं. डोमाजी आणि अनसूयाबाई गावात नव्हते. नव्या पडद्यांसाठी मांजरपाट आणायला नागपूरला गेलेले. मला दिसत होतं ते फक्त शेड आणि आतलं त्या माणसाचं आयुष्य. रस्त्यावर पाणी पाहायला पंधरावीस लोक जमले होते. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो.

"लटारूभाऊ! खोटं बोललात तुम्ही माझ्याशी!"

ते थांबले. "काय खोटं बोललो जी?"

"आईची आन घेतली होती! पूर येत नाही म्हणाला होता!"

"नाईच येत," ते म्हणाले. "हा पूर हाय काय? पूर तिकडं वैनगंगेत धावून राह्यला, पाहा न जाऊन. हे उलटं पाणी हाय. गंगा भरली का नाल्याले तोंड नाई देत. मंग नाल्याचं पाणी मागं येते. येते, बसते, चालली जाते. दर दोन-तीन सालानं येते. याच्यासंगं मासोळ्या येते अंगणात. आमी वाट पाहतो याची."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी पूर इचारला," लटारूभाऊ म्हणाले. "उलटं पाणी कोणी इचारलंच नाई. न मले वाटलं तुमाले माईत हाय. दगडं दिसले न तुमाले. तुमी त मोजले बी."

आता तुम्हाला कळलं असेल. मला तेव्हा कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच संताप आला. दर वेळी उलटं पाणी जिथवर चढतं, तिथं घरची बाई ओटी भरते. त्यातलं जे मोठं पाणी, तिच्या आठवणीतलं सगळ्यात मोठं, तिथं तिच्या नावाचा दगड. आजीचा वर, आईचा मध्ये, बायकोचा खाली. त्या घरातल्या तीन बायकांनी पाण्याची रेषा आखून ठेवली होती. ती मी इंचापर्यंत मोजली होती आणि वर देवाचं नाव लिहून मोकळा झालो होतो.

माझं गाव नागभीडकडचं. आमच्याकडं तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी. तलावाचं पाणी भरतं नाहीतर आटतं, मागं फिरत नाही. हा शब्द माझ्या भाषेत नव्हता. पण एवढं खरं बोलायला मन मोठं लागतं आणि त्या क्षणी माझं मन मुठीएवढंही नव्हतं. मी बोलत सुटलो. म्हणालो, "शब्दांचे खेळ करता काय? एका कलावंताचं घर बुडवलंत. माणूस आहात की काय आहात?"

लटारूभाऊंनी मान खाली घातली. सगुणाबाई ताट घेऊन पुढं आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, घरी या. चहा घ्या. मंग बोला."

मी म्हणालो, "तुमच्या घरचा चहा? नको!"

या वेळी तो नियम नव्हता. तो नुसता फटकारा होता, आणि तो तिला बरोबर लागला.

दुपारी डोमाजी आणि अनसूयाबाई एस.टी.तून उतरले. मी स्टँडवर थांबलो होतो. काय सांगितलं ते आठवत नाही. डोमाजी कापडाच्या गठ्ठ्यावर तसेच खाली बसले. रडले नाहीत, नुसते स्वतःच्या बोटांकडं पाहत राहिले. अनसूयाबाईनं मात्र मला एकच विचारलं.

"लटारूभाऊ कुठी हाय?"

"त्यांचं नाव काढू नका," मी म्हणालो.

"अहो, पाणी चढून राह्यलं न लटारूभाऊ घरी झोपून राहीन काय?" ती म्हणाली आणि चालायला लागली. मी आणि डोमाजी मागं.

लटारूभाऊंचं अंगण प्लॉटच्या वरच्या अंगाला, उंचावर, पण घराच्या आड, रस्त्यावरून न दिसणारं. तिथं जाळी वाळवायचे बांबू आडवे बांधलेले असत. आम्ही कुडाच्या वळणावरून आत गेलो आणि समोर राजवाडा उभा होता.

अक्षरशः. लाल खांब, सोनेरी कमानी, पूर्ण राजवाडा उन्हात लटकत होता. त्याच्या बाजूला जंगल. पलीकडं तुरुंग, त्याच्या रंगवलेल्या गजांखालून शेजारच्या घरची कोंबडी जात होती. ओसरीवर मुकुट आणि तलवारी ओळीनं मांडलेल्या. पहाटे फटफटलं तेव्हाच लटारूभाऊंनी नाल्यातला कचरा थांबून मागं वळताना पाहिला होता. लगेच समाजातली पाच-सहा माणसं उठवली. डोंगा थेट शेडला लावला आणि बांबू डोक्यावर धरून एकेक पडदा वर आणला. मी पोचलो तेव्हा ते शेवटची खेप टाकून परत येत होते. छातीपर्यंत भिजलेले ते त्यामुळे होते.

हे ते मला रस्त्यावरच सांगू शकले असते. सांगितलं नाही. माणूस आहात की काय, असं ज्याला विचारलं, त्यानं काय उत्तर द्यायचं?

एकच पडदा गेला होता. सगळ्यात खाली ठेवलेला, भिजून सगळा निळा-हिरवा ओघळलेला. अनसूयाबाईनं तो उलगडला, पाहिला आणि हसत हसत रडायला लागली. "पाहा वो, नदीच गेली! नदीनं आपली नदी नेली, बाकी काई नाई नेलं." डोमाजींनी लटारूभाऊंचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

मी अंगणाच्या कडेला उभा होतो. मला लाज वाटत होती, भयंकर लाज. सगुणाबाई सगळ्यांना चहा देत होती. माझ्यासमोर तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. चहा ठेवला नाही. मी पाणी प्यालो.

लटारूभाऊंनी संध्याकाळी इसार परत करायला काढला. "तुमाले जागा नाई पटत असन त वापस घ्या. माह्या मनात काई नाई." डोमाजी माझ्याकडं पाहायला लागले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही. बोलली अनसूयाबाई. "जागा आमी घेतो. पण आजीच्या दगडाच्या वर बांधतो. खालची जागा पाण्याची. पाणी नसन तवा आमी कपडे वाळवू, पाणी असन तवा पाणी राहीन."

"जोतं मांडीएवढं उचला," लटारूभाऊ म्हणाले. "आजीनं पाह्यलं ते खरं, पण आजीनं सगळंच पाह्यलं असन असं नाई."

एवढी पुढची अक्कल पूररेषेवाल्यांना नंतर आली. लाल रेषा ती हीच.

मी काय केलं? माफी मागायला पाहिजे होती. पण सरकारी माणसाला माफी मागायची सवय नसते, तो शेरा लिहितो. नकाशावर सह्या व्हायच्या होत्या. मी तो परत काढला, 'देवाचे दगड' खोडलं आणि खाली शेरा मारला: 'सदर दगड देवाचे नसून पाण्याचे आहेत. त्याखालील भागात उलटे पाणी येते.' माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. हा काय चावटपणा, उलटे पाणी हा शब्द कोणत्या नियमात आहे? मी म्हटलं, नियमात नाही, पण जागेवर आहे. शेरा राहिला. खरेदीखतातही तो तसाच उतरला. माझ्या नोकरीत हजारो कागद लिहिले, त्यात वाचण्यासारखी ओळ हीच.

त्यानंतर मी माझा तिसरा प्रश्न बदलला. 'पूर येतो का' विचारणं सोडलं. 'इथं पाणी कसं कसं येतं' असं विचारायला लागलो, आणि लोक तासतासभर सांगायला लागले.

वडशाला गेलो की लटारूभाऊंकडं चक्कर व्हायची. ते कधी रागावून बोलले नाहीत. उलट थट्टा करायचे. मी दिसलो की म्हणायचे, "इचारा साहेब, इचारा. काई राह्यलं काय इचाराचं?" मीही हसायचो. बाजेवर बसायचं, नदीच्या, मासोळ्यांच्या गप्पा. तांब्याभर पाणी यायचं. चहा कधीच आला नाही. मला वाटायचं, त्यांना माझा नियम ठाऊक आहे. म्हणजे मी स्वतःला तसं समजावत होतो.

मग दोन हजारनंतर एका वर्षी मोठं पाणी आलं. आईचा दगड बुडाला, आजीचा बुडाला, आणि पाणी गोदामाच्या जोत्याला लागून थांबलं. आत एक थेंब नाही. सगुणाबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून ओटी भरायला अनसूयाबाई उतरली. जोत्याच्या पायरीशी तिनं चौथा दगड ठेवला. डोमाजींनी मला पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एवढंच, 'नवी नदी काढली आहे. पाहायला या.'

मी तोवर निवृत्त झालो होतो. गेलो. सकाळची वेळ. नवा पडदा लटारूभाऊंच्या अंगणात, जाळ्यांच्या बांबूवर टांगला होता. निळी नदी, काठावर कुंकू लावलेले चार दगड, पाण्यात एक डोंगा. नीट पाहिलं तर नदीचं पाणी चढाकडं चाललं होतं. नाटकात हे कोणाला कळणार, पण डोमाजींनी ते काढलं होतं.

लटारूभाऊ बाजेवर. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायचे. माझा आवाज ऐकला आणि हसले. "इचारा साहेब. काई राह्यलं काय इचाराचं?"

दर वेळी मी हसून सोडायचो. त्या दिवशी सोडता आलं नाही. म्हटलं, "एक राहिलं आहे, भाऊ. त्या दिवशी रस्त्यावर मी तुम्हाला नको ते बोललो. चूक माझी होती. त्याचा राग आहे का अजून?"

ते बाजेवर सावरून बसले. मग म्हणाले, "तुमचा राग पूर होता, साहेब. धावत आला न चालला गेला. तुमाले सुकं वाटलं. माह्या मनात उलटं पाणी चढलं होतं. ते आवाज नाई करत, पण बसून राहते. लय साल बसलं."

"मग आता? उतरलं का?"

त्यांनी घराच्या दाराकडं तोंड वळवलं आणि हाक मारली, "अवं, साहेबाच्या चहाचं मांड."

सगुणाबाई भिंत धरत धरत आली. गुळाचा चहा, कान तुटलेला कप. मी तो संपवला. तिनं न विचारता पुन्हा भरला, आणि मी तोही प्यालो. पहिला त्या दिवशी रस्त्यावर नाकारलेला होता.